कुठले शिरसाट

अंबाजोगाईच्या कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या खोलीत
माझं काम सध्या लेबलं बदलण्याचं.
दोनशे चौदा कागद, दाबून वाळवलेल्या फांद्या,
डांबरगोळीचा वास, आणि देवणीकर मॅडमचा हुकूम :
अकेशिया खोडा, व्हॅचेलिया लिहा.

जुनं नाव म्हणे ऑस्ट्रेलियाच्या झाडांनी ठेवून घेतलं.
मोठी सभा झाली, मतं पडली.
आमच्या बाभळीला, हिवराला
कुणी नोटीस धाडली नव्हती.

शास्त्रात आडनाव आधी येतं,
हजेरीपटासारखं. मग ज्याचं त्याचं नाव.
बाभूळ : साल काळी, भेगाळ, भेगेत डिंक,
फुलं हळदीच्या गोळ्यांसारखी,
शेंग मण्यामण्यांची.
हिवर : साल पांढुरकी, भिंतीचा चुना सुटावा तशी सुटणारी,
फुलं साईच्या रंगाची, शेंग बारीक, वाकडी.
बाभळीचा नांगर होतो.
हिवराखाली निजू नये म्हणतात.
का, ते सांगत नाहीत.

काटे मात्र दोघांचेही जोडीनं,
पानाच्या बुडाशी.

पुस्तकात आहे : प्रजाती एक, जाती दोन.
मी तसंच उतरवतो, सावकाश.
अक्षर चांगलं म्हणून तर हे काम माझ्याकडं.

कॉलेजात आम्हीही दोन.
हापिसात हेडक्लार्क शिरसाट, इथं मी.
एकदा माझा पगार त्यांच्या खात्यात गेला,
दोन दिवसांनी परत आला, वर चहा.
नवा माणूस नाव विचारतो. मी सांगतो.
तो जरा थांबतो,
चष्म्याआडून साल बघतो.
'कुठले शिरसाट?'
'धारूरचे.'
'तसं नाही हो...'
तसं नाही, हे मलाही ठाऊक असतं.

मागच्या श्रावणात धारूरच्या घाटात नमुने आणायला गेलो.
उतारावर सोजरबाईच्या शेळ्या.
मॅडमनी पोरांना विचारलं, यात हिवर कुठला?
पोरं पानं मोजत बसली.
मी सोजरबाईला विचारलं,
शेळ्या कुठलं झाड जास्त खातात?
ती म्हणाली, 'त्यांला झाड काय करायचंय?
तोंड पुरंल ती फांदी.'

त्या दोन फांद्या आज चिकटवल्या.
त्यांच्या लेबलावर खोडायचं काही नव्हतं.
ठिकाण लिहिलं, तारीख, झाडाची उंची,
गोळा करणारा : शिरसाट.
पुढं रकाना नाही.