झाडलेली काच

टोलेडोत, मॉमी नदीच्या अलीकडे,
जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये
भट्टी रात्रीही विझवत नाहीत.
ती राखायला मी असतो, आणि माझा थर्मास.

मार्चमध्ये सहा आठवड्यांसाठी ओडेट ग्रिग्सबी आली.
पत्रात लिहिलं होतं : आजवर ज्यांना भट्टीपाशी जागा नव्हती
अशा कलावंतांसाठी.
राहायला खोली, विद्यावेतन, लागेल तेवढी काच.
पहिल्या दिवशी तिनं मागितला झाडू.

बाकांखालून, फटींतून, दाराच्या रुळातून
इतरांचं बिनसलेलं सगळं तिनं ओढून काढलं,
निळं, शेवाळी, दुधी, एक जळकं लाल.
काट्यावर टाकलं. एकोणीस किलो.

मी म्हटलं, बाई, या काचा एका घरच्या नाहीत.
प्रत्येकीचं आकसणं वेगळं.
तापल्या आहेत तोवर गोडीत राहतील,
निवताना एकमेकींना फाडतील.
ठाऊक आहे, म्हणाली.

भिंतीवर फोटो आहे, एकोणीसशे अडतीसचा.
फुंकणीवाल्यांच्या तीन रांगा, छात्या पुढे.
दुसऱ्या रांगेत माझा आजा, लायोश, नुकता हंगेरियन शिवी देऊन गप्प झालेला.
उजवीकडे, चौकट संपते तिथं,
झाडूचा दांडा
आणि तो धरलेली चार काळी बोटं.
तीस वर्षं त्या फोटोखाली मी डबा खाल्ला.
बोटं तिनं दाखवली.

तुझा आजोबा?
"एल्झी इथंच झाडायचा. फुंकणीला हात लावला
तर घरी पाठवत.
पण ही बोटं कुणाचीही असतील.
चालेल मला."

मग एका गुरुवारी तिनं मला उठवलं, चल, दुसरं टोक धर.
फुंकणी तिच्या ओठांत,
लाल गोळा माझ्या सळईला चिकटलेला.
मागे चाल.
मी मागे, ती मागे,
आणि मधे पाकाची तार धरावी तशी
काच लांबत गेली,
पोकळ, आत तिचा श्वास घेऊन,
झाडूच्या दांड्याएवढी.
सासष्टाव्या वर्षी
मी पहिल्यांदा काचेपासून लांब चालत होतो
आणि ती माझ्याकडून सुटत नव्हती.

निवणीच्या पेटीत तिला निजवलं.
रात्री सव्वातीनला : टिंग.
थोड्या वेळानं आणखी एक.
दार उघडायचं नसतं. मी नुसता हात ठेवून उभा राहिलो,
पत्रा कोमट होता.

सकाळी सहा तुकडे. त्यातला एक, वीतभर, धड.
तिनं तो फोटोशेजारी खिळ्यांवर ठेवला,
चौकटीच्या बाहेर, जिथं दांडा तुटतो बरोबर तिथून पुढे.
रेष किंचित वाकडी आली. तशीच राहू दिली.

उरलेलं झाडायला मी झाडू घेतला.
तिनं अडवलं नाही.
बाकाखालचंही,
एवढंच म्हणाली.