रिकामं घर

सूसच्या टेकडीमागे एक प्लॉट आहे.
सात वर्षं त्याचा फलक म्हणतोय, 'लवकरच ताबा'.
पायासाठी उपसलेल्या मातीचा ढीग तेवढा झाला,
तोच आमचा बांध.
रविवारी साडेसहाला त्याला आम्ही
भुश्शाचं पोतं टेकवतो
आणि पोत्यावर दाभणाने टाचतो
गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचं एक पान.

नियम उपासन्यांनी वहीत लिहिलेत, शाईच्या पेनने:
धनुष्य बांबूचं किंवा लाकडाचं.
भिंग नाही, चाक नाही, तोल सावरणारी दांडी नाही.
आधी तारीख बोलायची, मग बाण सोडायचा.
माशाच्या डोळ्याचं नाव काढेल त्याला दहा रुपये दंड.
(डबा चांगला जड झालाय.)

अंतर वीस पावलं. पावलं हिलमने टाकायची,
कारण उपासन्यांची पावलं
स्वतःच्या पाळीला आखूड होतात.

उपासनी दर वेळी एक तारीख मागतात, पेन्शनची.
बाण तीसमध्ये जातो.
"महिनाअखेर," म्हणतात, आणि पिसं सारखी करतात.
रेश्मा बागवान आठवडाभर लोकांच्या दाढा काढते,
दोरी ओढताना तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही.
"संकष्टी," ती म्हणाली,
आणि चंद्रोदय नऊ बारापैकी
बारा उडाले.
ओजस तेरा वर्षांचा. वाढदिवसावर नेम धरतो
आणि दोन आठवडे आधीच पोचतो.

हिलम मुळशीचा, म्हणून नवे लोक म्हणतात
याच्या रक्तातच असणार.
"आजा गोफण मारायचा," तो सांगतो,
"बाण मी इथंच शिकलो, चार वर्षं चुकून."
लिफ्ट दुरुस्त करतो. बोलत असतो,
कुठल्या सोसायटीत कोण अडकलं होतं ते,
वाक्याच्या मध्येच बाण सुटतो,
वाक्य पुढे चालू राहतं,
सतरा म्हटलेलं, सतराला भोक.

मग मी. "अकरा."
कोणी विचारलं नाही, अकरा का.
पुण्यात हे सहसा घडत नाही.
बोट गालाच्या हाडाला टेकलं,
मेणाचा वास, डॉक्टरांनी मना केलेला खांदा,
कानाशी दोरीचं एकच अक्षर

आणि बाण पानाच्या वरच्या कोपऱ्यात,
एक तारखेच्याही अलीकडे,
जिथे महिना सुरू झालेला नसतो
आणि छापणाऱ्याने चौकोन कोरा सोडलेला असतो.

वाद झाला. वही निघाली.
रिकाम्या घराला गुणांची तरतूद नाही.
"घर आहे ना? मग गुण हवेत," रेश्मा म्हणाली.
"पण ताबा नाही," ओजसने फलकाकडे बोट केलं.
टिटव्या उठून गेल्या आमच्या हसण्याने.

हिलम तोवर पोत्यापाशी पोचला होता.
दोन बोटं कागदावर दाबून
बाण हळूहळू फिरवत त्याने बाहेर घेतला,
चौकोन फाटू दिला नाही.
पानामागे भरल्या वांग्यांची कृती होती,
'मीठ चवीनुसार' मधून उजेड येत होता.

उपासन्यांनी माझ्या नावापुढे शून्य लिहिलं नाही.
पट्टी न लावता एक चौकोन काढला,
जरा वाकडा,
आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारत राहिले.