इसार

पूर्णगडला खाडीकाठी आमच्या मांडवात
एक होडी अर्धीच उभी आहे.
पठाण झालं, वांक बसले,
डाव्या अंगाला सात फळ्या, उजव्या अंगाला चार.
पाचव्या फळीला पैसे थांबले.

इसार एकवीस हजार.
अकरा पानसुपारीवर, नारळ फोडून,
दहा दुसऱ्या दिवशी जीपेवर.
सुधाकर आडविरकर, मिरकरवाड्याचा.
मी कागद काढला तर बाबा माझ्यावरच उखडले,
"तेच्या बापसाची होडी माज्या बापसान बांदली.
तवा कागद व्हता काय?"
नव्हता.
तेव्हा तो बापूस होता.

पहिला हप्ता आला. दुसरा वाटेत आहे.
रत्नागिरीहून एसटी तासाभरात येते,
हप्ता दीड वर्षं येतोय.
शिमगा होऊ दे.
पालखी घरी येऊन जाऊ दे.
नारळीपुनवेला पाण्यात टाकायचीच, मेस्त्रींना सांग.
गणपती झाले की बघ.
यंदा बांगडा लागलाच नाही गं, तुला काय सांगायचं.
नाही असं तो एकदाही म्हणाला नाही.
म्हणाला असता तर वहीत आडवी रेघ मारून
मी त्या फळ्या दुसऱ्या कुणाला दिल्या असत्या.

एकदा गेले मीच, न कळवता.
जेटीला त्याची नवी फायबर लागलेली, निळी,
नाळेवर स्टिकरची अक्षरं: यशोदा.
त्याच्या आईचं नाव.
आमच्याकडे हेच नाव फणसाच्या फळीत कोरून ठेवलंय,
दोनदा,
कारण पहिल्या वेळी 'द' ला चीर गेली.

तो लपला नाही.
खुर्ची दिली, लिंबूसोडा मागवला.
"कंपनीचा हप्ता चुकवून चालत नाही," म्हणाला,
"त्यांनी चेक घेऊन ठेवलेत, सरळ कोर्टात खेचतात.
तुमचं काय, तुम्ही घरची माणसं."
निघताना पिशवीत दोन सरंगे घातले.
मी पिशवी घेतली.
पावसपर्यंत बर्फाचं पाणी पायावर ठिबकत होतं.

त्याच आठवड्यात लांज्याहून
गिरणीवाल्या शौकतभाई मापारींचा फोन.
ऐनाचं लाकूड त्यांचं, उधारीवर आणलेलं.
मी म्हटलं, "शौकतभाई, शिमगा होऊ दे."
आणि गप्प झाले.
तेही गप्प.
मागे करवत चालल्याचा आवाज येत राहिला.
"बरं बाय," म्हणाले, आणि ठेवला.

मालवणहून एक रिसॉर्टवाला येऊन गेला.
लॉनवर ठेवू म्हणाला, आत टेबलं मांडू,
राहिलेल्या फळ्या मारूच नका,
अशीच छान दिसते.
आकडा बरा होता.
बाबांनी त्याला चहा दिला,
वाकलेला खिळा ठोकून सरळ केला,
दुसरा घेतला.
तो गाडीत बसला तरी ठोकतच होते.

दर पंधरा दिवसांनी तिला तेल लावतात,
उन्हाने फळ्या तडकू नयेत म्हणून.
मी चिडते. तेलाचा डबा काय भाव झालाय!
"लाकडान काय केलान तुजा?"
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
आत कोंबडी खुडूक बसलीय, तिला तो वास चालतो.

काल रात्री मी वहीचं पान फाडलं.
लिहिलं: शौकतभाईंचे देणे अठ्ठ्याऐंशी हजार.
आज चार पाठवले.
पुढे दर महिन्याच्या पाच तारखेला तीन,
होडी विकली गेली तर एकदम.
सण एकही लिहिला नाही.

बाबा मागून वाचत होते.
"मापारी आपल्याजवळ कागद मागतो?"
मागत नाहीत, म्हटलं. मीच देतेय.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग आत जाऊन चष्मा शोधू लागले,
फळीवर, उशाखाली, रंध्याच्या पेटीत.
सापडला तेव्हा खाली बसले,
पान मांडीवर घेतलं
आणि मोतीराम मधला 'ती'
पटाशी धरावी तसं पेन धरून
सावकाश काढला.