दुभाष्याच्या वहीतून

वकिलाने विचारलं, जमीन तुमच्या मालकीची आहे का?
'मालकी'ला मला ओगिएक शब्द सापडेना.
मी म्हणालो, बाई, ती कुणाची?
नाइकोनी चेसोत हसल्या.
"कुठली?
तिसऱ्या देवदारावरचं ओंडक्याचं पोळं सासऱ्याचं,
ओढ्यापलीकडची सात नवऱ्याची.
मधल्या उतारावर धाकट्या दिराच्या माश्या जातात
फुलोऱ्याच्या महिन्यात, मग परततात.
एवढं सगळं एका कागदावर मावतं?"

मी इंग्रजीत सांगितलं: होय, मालकीची आहे.
टंकलेखकाने तेवढंच घेतलं.

चार वर्षांनी निकाल लागला.
कलम चौदा, कलम एकवीस, परिशिष्टं.
माऊच्या जंगलाकडेला उभा राहून मी तो वाचला,
टाळ्या पडल्या, कुणी बकरं कापलं.
त्याच आठवड्यात वनखात्याची गाडी आली.
पहारेकऱ्यापुढे मी निकाल धरला.
तो म्हणाला, वाचता येतं मला.
आदेश मात्र आलेला नाही.
घर पेटवण्याआधी त्याने भांडी बाहेर काढू दिली.
तसा वाईट नव्हता.

आता नाइकोनी नाहीत.
नुकसानभरपाईच्या तक्त्यात रकाना आहे:
पोळी, नग.
आकडा भरायला बसतो
आणि मधल्या उतारापाशी अडतो.
या महिन्यात त्या माश्या कुठं असतील
हे सांगणारं कुणी उरलं नाही.

जुन्या वहीतलं माझं 'होय' खोडतो,
समासात त्यांचं उत्तर उतरवतो
जसंच्या तसं,
हसण्यासकट.