मोजदाद

आमचा आठवडा चार दिवसांचा:
लांब, रात्र, सुट्टी, सुट्टी.
सोमवार-मंगळवार इतरांचे.
फ्रिजवरच्या कॅलेंडरात मी नुसतं 'लां' आणि 'रा' लिहिते,
त्यावरून अंतोनिया ठरवते
कुठल्या दिवशी आईला काही विचारायचं नाही.

जूनमध्ये पुंता अरेनासला सूर्य दहाच्या सुमारास उगवतो
आणि साडेपाचला पाठ फिरवतो.
लांब पाळीला मी अंधारात शिरते, अंधारात निघते.
मधला उजेड वॉर्डच्या खिडकीतून दिसतो
दुसऱ्याच्या ताटातल्या पदार्थासारखा.
घरी पोचल्यावर बूट काढते
तेव्हा कळतं, पाय होते.

सोळा नंबरच्या खाटेवर कुस्तोदिओ मान्सिया.
वय एक्क्याऐंशी, फुप्फुसात पाणी.
जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली,
तिच्या तेलाने तळहात अजून बाळासारखे.
दिवसा शहाणे, सूप मागून घेतात.
रात्री अडीचला उठून बसतात,
उशी गुडघ्यांत दाबतात,
आणि कातरू लागतात.
आधी पोट. मग मागचा पाय. मग लांब हाताने पाठ.
सलाईनची नळी ताणली जाते,
चादरीवर रक्ताचा ठिपका.

कागदावर लिहिलं होतं: गरज पडल्यास हात बांधावेत.
पट्टे खालच्या खणात असतात.
माझ्याकडे त्या रात्री नऊ पेशंट,
अकराला उलटी, तेराचा ताप चढता,
आणि सकाळपासून पोटात एक पाव, चार घोट गार माते.
खण उघडला, हे मी लपवत नाही.

तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं.
"हलू नकोस पोरी. हललीस तर कापेल."
मी हलले नाही.
कितीतरी वेळाने कोणी मला
हलू नकोस म्हणालं होतं.

मग काय सुचलं कोण जाणे, विचारलं,
किती झाल्या?
"मला काय विचारतेस? मोजणारी तूच ना?"
एकशे बारा, मी म्हणाले.
"खोटं. एकशे नऊ."
बरं, एकशे नऊ.
त्यांनी उशी सोडून दिली, अशी,
की तिने आता उठून कळपात जावं.
आणि झोपले.
खण मी पायाने बंद केला.

सकाळी आठला मिलेंकाच्या हाती वॉर्ड सोपवला:
अकरा बरी, तेराचं रक्त तपासायला गेलंय,
सोळा, ऑक्सिजन दोन लिटर, लघवी सहाशे,
मेंढ्या एकशे नऊ.
ती हसली नाही.
तिने नुसता गॉगलसारखा चष्मा वर केला आणि म्हणाली,
जा, झोप.

सुट्टी. भिंतीला पाय लावून पडून राहिले.
फ्रिजची घरघर ऐकून दोनदा उठले,
कोणाचं तरी मशीन वाजतंय म्हणून.
दुसऱ्या दिवशी अंतोनिया दारात उभी:
"आज विचारू?"
विचार.
"या वेळी किती जण मेले?"
कोणी नाही, म्हणाले.
तिने शेजारी अंग टाकलं, गार पाय माझ्या पोटऱ्यांना लावले.

पुन्हा लांब.
सोळावर एक तरुण बाई, पित्ताशयाचं ऑपरेशन,
लाल जेली खात होती.
मी काही विचारलं नाही. तिला काय माहीत असणार.

औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला,
मलमपट्टीच्या चिकटपट्टीने.
वर, मिलेंकाच्या टोकदार अक्षरात, १०९.
खाली १६६, खोडून १६३.
मग ओस्वाल्दोचं गिचमिड: २१४, खोडून २११.
कोणीतरी, अक्षर ओळखीचं नाही,
बहुतेक फरशी पुसणाऱ्या एर्मिंदाचं,
२७०, खोडून २६७.
आणि सगळ्यात खाली, निळ्या पेनने,
पहाटे चार दहा,
३१५.

हा आकडा कोणी खोडला नव्हता.

मी खिशातून पेन काढलं,
तीन वजा करायला.
तेवढ्यात सतराने घंटा वाजवली.