बाउंड

ग्रिम्सबीत, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
मंगळवारचा इंग्रजीचा वर्ग.
विनिफ्रेड ओल्डरॉइड फळ्यावर लिहितात: बाउंड.
म्हणजे बांधलेलं. गवताचा भारा, पुस्तकाची पानं.
म्हणजे हद्द,
चेंडू पलीकडे गेला की बाद.
म्हणजे उडीसुद्धा. सशाची असते तशी.

सेमहार लिहून घेते आपल्या तिग्रिन्या अक्षरांत.
बोटांना हॅडॉकचा वास,
साबणाला दाद न देणारा.

‘आणि ती बोट रॉटरडॅमला बाउंड आहे,
म्हणजे तिकडे निघालीय.’

निघालीय?
पेन्सिल थांबते.
बांधलेली आणि निघालेली,
दोघींना एकच शब्द?

‘इंग्रजी जरा वेडीच आहे, पोरी. सोडून दे.’

सेमहार सोडत नाही.
वाळवंटात चार रात्री
मनगटांना नायलॉनची दोरी होती
आणि ट्रक उत्तरेला चालला होता,
समुद्राकडे.
उतरावंसं वाटत नव्हतं,
हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

‘वेडी नाही, मिस,’
बाही तळहातापर्यंत ओढत ती म्हणते,
‘ज्यानं हा शब्द केला
तो त्या ट्रकमध्ये बसला असणार.’

मिस मार्करचं टोपण
शोधत राहतात.