पंधरा किलो

माझा बाप, निकानोर ओयार्सो,
एकोणतीस वर्षं वालपाराइसोच्या टेकडीवर
गॅसचे सिलिंडर वाहत होता.
खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर पंधरा किलो गॅस,
लोखंडाचं वजन वेगळं, ते कुणी मोजत नसे.
पान्याने ठोके द्यायचा: टण् टण्, टण्.
बायका खिडकीतून बोटं दाखवायच्या, एक, दोन.
आमच्या गल्लीच्या पायऱ्या एकशे अठ्ठ्याऐंशी.
मधे कुठे तो दम खायचा नाही.

आता खालच्या दुकानातून पाव आणताना
बत्तिसाव्या पायरीवर बसतो.
पिशवी मांडीवर, पाव गार होत जाणारा.

तापाचे तर अकराच दिवस होते.
इस्पितळ नाही, नळ्या नाहीत, काही नाही.
त्या हिवाळ्यात पलीकडच्या मिर्ताचा नवरा गेला,
आणि आम्ही दार लावून म्हणालो, सुटलो.
हा चौथा हिवाळा.

डॉक्टरीणबाईंनी फुफ्फुसांचा फोटो उजेडात धरला.
स्वच्छ. रक्त चांगलं. हृदय बैलाचं.
"मग?" बापाने विचारलं.
बाई जरा थांबल्या.
"मला माहीत नाही. पण तुम्ही खोटं बोलत नाही,
एवढं माहीत आहे."
परतताना बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून रडला.
मी मोबाईल बघत असल्याचं नाटक केलं,

कारण मला वाटत होतं, तो खोटं बोलतोय.
खोटं म्हणजे, मनानेच बसलाय.
मीच त्याला दम भरला होता: रोज थोडं जास्त चाल,
मनावर घे.
ऑक्टोबरातल्या एका रविवारी त्याने घेतलं.
एकशे अठ्ठ्याऐंशी. न थांबता.
वरच्या ओट्यावरून आन्सेल्मो म्हाताऱ्याने शिट्टी मारली.
मी बहिणीला फोटो पाठवला, बघ, बरा झाला.

सोमवारी छान होता. कोंबड्यांचं जाळं शिवलं.
मंगळवारी दुपारी हातातून कंगवा पडला.
मग नऊ दिवस
खिडकीला घोंगडी, अंधार, चमचा वाजलेलाही सोसेना.
किटलीला काय म्हणतात ते आठवेना त्याला.
"ते... ओरडतं ना, पाणी झालं की."
मला हसू आलं.
त्याला आलं नाही.

तेव्हा कळलं. तेवढंच, फार नाही:
की हे शरीर रोखीने घेत नाही,
दोन दिवसांनी माणूस पाठवतं वसुलीला.
आता त्याचा चांगला दिवस उजाडला
की मी त्याच्यापासून पिशवी लपवते.

परवा बसलो होतो दोघं बत्तिसाव्या पायरीवर.
खाली गाडीजवळ नवा पोरगा ठोके देत होता.
बापाने मान वर न करता हाक घातली,
"ए, ते नको. रिकामं आहे ते."
पोराने ऐकलं नाही. पुरता जोर लावून उचललं,
आणि सिलिंडर असा अलगद वर आला
की तोच मागे कोलमडला.
रंग तोच, झडप तीच, गळ्याशी तोच गंज.
पोरगा दोन्ही सिलिंडर आळीपाळीने बघत राहिला.

बापाला हसताना खोकला आला, मग खोकताना हसू.
मी विचारलं नाही, निघायचं का.
पिशवी उघडली, पाव मोडला,
तिथेच खाल्ला आम्ही, नुसता.